जिंकलेल्याचा चहा

“बोला, आज चहा कुणाचा?”

बाजार बंद झाला की आण्णा बिराजदार चष्मा कपाळावर ढकलून हा प्रश्न विचारायचे. पाच वाजून दोन मिनिटं. खुर्च्या वळायच्या, कुणी जांभई द्यायचा, कुणी उगाच कॅल्क्युलेटर पुसत बसायचा.

“माझा,” मी हात वर केला.

“परत मास्तरचाच?” बंडू मालगावे म्हणाला. “अवो, आठवड्यात एखादा दिस आमालाबी जिंकू द्या की!”

सगळे हसले. मीही हसलो. खिडकीतून डोकं बाहेर काढून खालच्या इराप्पाला सहा चहा सांगितले. त्या दिवशी मला अकरा हजारांचा फटका बसला होता.

ही सांगलीच्या मार्केट यार्डातली, चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका अडत दुकानाच्या माडीवर वायद्याच्या सौद्यांचं लहानसं ऑफिस होतं. चार कॉम्प्युटर, सहा खुर्च्या आणि एक पंखा, जो हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचा. खाली यार्डात खऱ्या हळदीची पोती उतरायची आणि हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या व्हायच्या. वर आम्ही सहा जण, जन्मात हात न लावलेली हळद सकाळी घ्यायचो आणि संध्याकाळी विकायचो. पुढच्या महिन्याच्या भावावर आजचा खेळ. भाव क्विंटलला एक रुपया हलला की एका लॉटमागे, म्हणजे पन्नास क्विंटलमागे, पन्नास रुपये इकडचे तिकडे. आणि हळद त्या वर्षी रुपयाने नव्हे, शेकड्याने हलत होती.

आण्णा आमच्यात सगळ्यात मोठे, सत्तरीला टेकलेले. वायद्याचे सौदे ओरडून आणि बोटांच्या खुणांनी व्हायचे, त्या काळातले ते गडी. तिथूनच त्यांनी एक रीत आणली होती. दिवस संपला की हरलेल्यानं आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची आणि जिंकलेल्यानं चहा पाजायचा. आकडा कुणी विचारायचा नाही. ज्याचा हात पहिला वर, तो चहाचा धनी.

“जिंकलेला काय सांगणार, कप्पाळ?” आण्णा म्हणायचे. “का जिंकला ते त्याचं त्यालाबी ठाऊक नसतंय. शिकायचं ते हरलेल्याकडनं. आणि शिकवणाऱ्याला चहा पाजायला नको?”

रीत चांगली होती. तिच्यात खोट नव्हती, माझ्यात होती.

माझं नाव जिनेंद्र मगदूम, पण तिथे मला सगळे मास्तर म्हणत. सूतगिरणीतली कारकुनी सोडून मी पूर्ण वेळ या धंद्यात उतरलो होतो, दोन इंग्रजी पुस्तकं वाचली होती आणि भावाच्या आलेखावर पट्टीनं रेघा मारून दाखवायचो. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. सुरुवातीला मीही माझ्या चुका सांगितल्या. पण अडचण अशी, की माझी चूक रोज एकच असायची. तोटा लहान असताना तो मला सोडवत नसे. जरा थांबू, भाव परत येईल, असं म्हणत मी बसून राहायचो आणि बसल्या जागी तोटा पोसत जायचा. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आण्णांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा बंडू हसला. तिसऱ्यांदा आण्णा म्हणाले, “लेका, हे तू परवा शिकलास न्हवं?”

चौथ्यांदा मी सरळ हात वर केला आणि म्हणालो, चहा माझा. सहा चहांचे छत्तीस रुपये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला ती छत्तीस रुपयांत झाकता येत होती. मला वाटलं, यात कुणाचं काय जातंय?

आमच्या सहा जणांत एक बाई होत्या, मालनताई लोखंडे. विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायच्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं किरकोळ, आवाज मात्र चाळीस पोरांच्या पंगतीत शेवटच्या ताटापर्यंत पोचेल असा. नवऱ्याशी पटेना म्हणून त्याला सोडून आलेल्या. जयसिंगपूरला भाऊ होता, धोंडिराम. त्याचं मंगल कार्यालय होतं. “एकट्या बाईला झेपायचं न्हाई, माझ्याकडं ये, भटारखाना सांभाळ,” हे त्याचं दहा वर्षांचं पालुपद. “माझं मी ठरवते,” हे यांचं दहा वर्षांचं उत्तर. दोन खोल्या आणि पुढची पडवी भाड्यानं घेऊन त्यांनी खानावळ उभी केली होती. आता मालक ती जागा विकायला निघाला होता. त्यानं पहिला हक्क त्यांना दिला होता, साडेचार लाख, महिनाअखेरपर्यंत.

यार्डात त्यांचे डबे यायचे, त्यातून त्या माडीवर आल्या, बघता बघता शिकल्या आणि खातं उघडून बसल्या. आमच्यात खरं डोकं त्यांचंच. दुपारच्या पंगती उरकून अडीचला यायच्या. एकच लॉट घ्यायच्या. तोटा दोन-अडीच हजारांवर गेला की मागचा-पुढचा विचार न करता लॉट विकून काढून टाकायच्या. आणि फायदा असो की तोटा, पाचच्या आत सौदा संपलाच पाहिजे. “रातचं शिळं ठेवायचं न्हाई,” म्हणायच्या. “सकाळी वास मारतंय.”

हरल्या की न लाजता सांगायच्या. “आज माझी चूक अशी झाली, की समोरच्या दुकानात भांडण लागलं आणि मी ते बघत बसले.” आम्ही हसायचो, त्याही हसायच्या, पण भांडण परत कधी बघितलं नाही. असं करत करत तीन महिन्यांत त्यांनी साठ हजार जोडले होते. आता जागेला चाळीस हजार कमी पडत होते आणि हातात चौदा दिवस होते.

त्या चौदातल्या पहिल्या सोमवारपासून सांगतो.

हळद तेव्हा सोळा हजारांवर जाऊन खाली यायला लागली होती. मी तीन आठवडे तीन लॉट धरून बसलो होतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण हळद वीस हजार बघणार असं मीच मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मी घेतलेला भाव केव्हाच वर राहिला होता आणि मी खाली गटांगळ्या खात होतो. कोल्हापूरच्या मुख्य ऑफिसातून फोन यायचे. तोट्याचे पैसे भरा, नाहीतर तुमचा माल आम्ही विकून टाकू. फोन वाजला की मी जिन्यात जाऊन बोलायचो आणि परत येताना शीळ घालायचो.

सोमवारी पावणेपाचला मालनताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, ही पडाय लागलीया. तीन हजार गेलं माझं. काढू का?”

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं. मास्तर लोक असंच विचारतात.

“मला वाटतंय काढावी. बुडाला लागल्यागत वास येतोय.”

मला तो प्रश्नच नको होता. ‘काढू का’ हे मी स्वतःला तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं, आणि ही बाई तीन हजारांसाठी विचारत होती.

“तुमचं तुम्ही ठरवा,” मी म्हणालो. “मी तर धरून बसलोय.”

तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूर. मी जिन्यात गेलो. पलीकडच्या माणसानं मला, सभ्य भाषेत, जमत नसेल तर बंद करा असं सांगितलं. मी दोन दिवसांची मुदत मागितली, अक्षरशः गयावया केली. परत आलो तेव्हा माझा चेहरा मलाच जड झाला होता. कुणी तो बघू नये म्हणून मी सरळ खिडकीशी गेलो आणि खाली ओरडलो, “इराप्पा, सहा चहा!”

“आजून पाच वाजायचेत की रं,” आण्णा म्हणाले.

“आज लवकर जिंकलो,” मी म्हणालो.

सगळे हसले. चहा आला. आण्णांनी एकेकाला विचारत मालनताईंकडे मान वळवली. “तुमचं काय, ताई? हार का जीत?”

“माझं संपलं न्हाई अजून,” त्या म्हणाल्या. “ठेवलीया मी.”

“शिळं?” आण्णांच्या हातातला कप तसाच राहिला.

“एक दिवस. बघू या.”

मला जरा नवल वाटलं. पण मी माझ्याच विवंचनेत होतो. दुसऱ्याच्या ताटात डोकावायला मला फुरसत कुठे होती?

मंगळवारी हळद उघडली तीच खाली. अडीचला मालनताई आल्या, पदरानं तोंड पुसलं, स्क्रीन बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. चारच्या सुमारास त्यांचा तोटा सोळा हजारांवर गेला होता. एरवी त्या एवढ्या तोट्याच्या वाटेलाही गेल्या नसत्या. साडेचारला त्या स्वतःशीच, पण आम्हाला ऐकू येईल अशा बोलल्या, “मी काढते बाई आता. झालं तेवढं बास झालं.”

त्याच वेळी माझा फोन वाजला. मी परत जिन्यात. या वेळी मी खोटं सांगितलं, की उद्या सकाळी पैसे भरतो. कसे भरणार होतो देव जाणे. बायकोनं सोसायटीत ठेवलेल्या ठेवीवर माझा डोळा होता आणि तिला ते सांगायचं धाडस नव्हतं. घाम पुसून मी आत आलो, आणि पडलो तरी नाक वर, तसा खिडकीशी जाऊन ओरडलो, “इराप्पा, सहा चहा! आणि बिस्किटं पण धाड, चांगली!”

“का रं, जावई आलाय का?” आण्णा म्हणाले.

“मास्तरनं हळदीचं सोनं केलंय,” बंडू म्हणाला.

मालनताईंचा हात कीबोर्डवर होता, एवढं मला आठवतं. तो त्यांनी केव्हा मागे घेतला, ते मला आठवत नाही. त्यांनी एक बिस्कीट घेतलं, चहात बुडवलं आणि ते मोडून कपात पडलं.

बुधवारी बाजार उघडला आणि पहिल्याच मिनिटाला हळदीला खालचं सर्किट लागलं. म्हणजे भाव एका दिवसात जेवढा पडू देतात, तेवढा एका दमात पडला. तिथे अडकला की विकणारे हजार आणि घेणारा एकही नाही. आग लागलेल्या घराचं दार बाहेरून लावून घेतल्यासारखं. तुम्ही विकतो विकतो म्हणून बोंबला, ऑर्डर नुसती रांगेत उभी राहते. मालनताई अडीचला आल्या तेव्हा दार बंद झालं होतं. एका दिवसात सत्तावीस-अठ्ठावीस हजार.

संध्याकाळी आण्णांनी चहाचं विचारलंच नाही. थेट माझ्याकडे बघितलं. “मास्तर, तुझं तीन लॉट?”

तेव्हा मी सांगू शकत होतो. सगळेच होरपळले होते, कुणी हसलं नसतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

“मी काल शेवटच्या पाच मिनिटांत निघालो,” मी म्हणालो. “चहा माझा.”

“बिस्किटं उगाच न्हवती म्हणायची,” बंडू म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आदर होता. मालनताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तरी मला चाललं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, पाढा चुकलेली मुलगी फळ्याकडे बघते तशा.

गुरुवारी सर्किट, शुक्रवारी सर्किट. शनिवारी बाजार दोनपर्यंतच असायचा. त्या दिवशी दार किलकिलं झालं. कोल्हापूरच्या ऑफिसनं माझे तिन्ही लॉट मला न विचारता विकून टाकले. सूतगिरणीतून मिळालेला पैसा गेला, बायकोला न सांगता मोडून भरलेली सोसायटीची ठेव गेली. पंगती टाकून लवकर आलेल्या मालनताईंनी आपला एक लॉट काढला. सोमवारी तीन हजारांत सुटल्या असत्या, त्यांना एक लाख दहा हजार मोजावे लागले. खोल्यांना आता दीड लाख कमी पडत होते, आणि दिवस नऊ.

दोन वाजून दोन मिनिटांनी मालनताईच उठून उभ्या राहिल्या.

“आण्णा, रीत हाय न्हवं? मी सांगते माझी चूक.”

“राहू दे, ताई,” आण्णा म्हणाले.

“का राहू दे? रोजची सांगायची आणि मोठी झाली की झाकायची?” त्यांनी पदर खोचला. “सोमवारी काढायचं माझ्या मनात आलं हुतं. पण मी भाव बघतच न्हवते. मी मास्तरांकडं बघत हुते. मास्तर हळदच धरून बसलेत, आणि रोज चहा पाजत्यात. म्हटलं, तोट्यात असलेला माणूस पाच वाजायच्या आधी चहा सांगंल का? म्हणजे ह्यांना काय तरी कळतंय जे मला कळत न्हाई. मंगळवारी विकायला हात घातला हुता. तेवढ्यात ह्यांनी बिस्किटं सांगितली. म्हटलं, मालन, तू उगा भ्यायलीस. हात मागं घेतला.”

त्यांनी खुर्ची मागे सारली.

“आणि मास्तरांनी त्याच वक्ताला काढली. ते निघाले आणि मला कळलंबी न्हाई. त्यांना का म्हणून बोल लावू? त्यांनी काय मला धर म्हणून सांगितलं न्हाई. उलट म्हणाले, तुमचं तुमी ठरवा. चूक माझीच. मला त्यातलं कळत न्हाई, आणि मला कळतंय असं मी धरून चालले. माझी अक्कल तेवढीच हाय. पोरांचं जेवण करावं, बास.”

असं म्हणून त्या बसल्या. चार महिने मी समजत होतो, की माझं खोटं फक्त मला पडतंय, छत्तीस रुपयांना. ही बाई रोज त्या कपाकडे बघून आपलं घर मांडत होती.

आण्णा माझ्याकडे वळले. “मास्तर, तू बोल काय तरी. समजूत घाल तिची.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ‘मालनताई, मी काढली नव्हती. मी जिंकत नव्हतो. तुमचं नाक बरोबर होतं.’ तीन वाक्यं होती. माझ्या जिभेवर होती. पण पुढे बंडू बसला होता, आण्णा बसले होते, आणि पाच जणांच्या डोळ्यांत मी अजून मास्तर होतो. घरी बायकोला ठेवीचं सांगायचं होतं ते वेगळंच. एका दिवसात दोन ठिकाणी नागडं व्हायची माझी छाती नव्हती.

“होतं असं,” मी म्हणालो. “धंदाच असा आहे. चहा सांगतो.”

“मला नको,” मालनताई म्हणाल्या. “पोरांची रात्रीची भाजी चिरायचीय.” आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्या महिन्याच्या अखेरीला खोल्या दुसऱ्याच कुणी घेतल्या. परीक्षा संपल्यावर खानावळ बंद झाली. धोंडिराम टेम्पो घेऊन आला आणि पातेली, पाट, बहीण, सगळं एका खेपेत जयसिंगपूरला घेऊन गेला, असं बंडूनं सांगितलं. त्यांना निरोप द्यायला आण्णा गेले होते. मला काम होतं. काम कसलं, लपून बसायचं.

मीही दोन महिन्यांत ते सगळं सोडलं. मिरजेच्या एका शाळेत कारकून म्हणून लागलो. बायकोनं ठेवीपायी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, मग हळूहळू बोलायला लागली. तिला मी सगळं सांगितलं होतं, चहाचं सोडून.

गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न जयसिंगपूरला होतं. कार्यालयाच्या पाटीवर धोंडिरामचं नाव वाचलं तेव्हाच पाय अडखळला. तरी आत गेलो. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडे धावले, आणि मी मात्र कुणी न बोलावता मागच्या भटारखान्याकडे गेलो.

मालनताई मोठ्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. केस पिकले होते, बाकी तशाच. त्यांनी पळीभर आमटी काढून शेजारच्या बाईच्या हातावर घातली. “मीठ बघ गं.” तिनं बघितलं, बरोबर म्हणाली. मग दुसरीला बोलावलं. “तू बघ.” तिनंही बरोबर म्हटल्यावर मग पातेलं उतरवायला सांगितलं.

“मालनताई.”

त्यांनी वळून बघितलं. ओळखायला एक क्षण लागला, मग चेहरा उजळला. “अगं बया! मास्तर!”

त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं, बायकोची, पोरांची चौकशी केली. आण्णा वारल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी उगाच हसत विचारलं, “तीस वर्षं स्वयंपाक करताय आणि मीठ दोघींकडून बघून घेता?”

“माझा मला भरवसा न्हाई राहिला, मास्तर,” त्या अगदी सहज म्हणाल्या. “त्या हळदीपास्नं. त्यानंतर म्हटलं, आपलं डोकं चालवायचं न्हाई. दादा सांगतो किती पानं, किती रवा, किती तूप. मी करते. मधी एकानं सांगलीत भागीत खानावळ घालू म्हणून इचारलं हुतं. दादा नको म्हणाला. मीबी म्हटलं, नकोच. मला कुठं कळतंय त्यातलं?”

मी हातातलं पाणी खाली ठेवलं. चौदा वर्षं जे सांगायला छाती झाली नव्हती, ते त्या भटारखान्याच्या धुरात एकदम बाहेर पडलं.

“मालनताई, मी तेव्हा काढली नव्हती.”

“काय?”

“हळद. मंगळवारी मी विकली नव्हती. मी खोटं बोललो. तिन्ही लॉट शनिवारपर्यंत माझ्याच गळ्यात होते. मी बुडत होतो.”

त्यांनी पळी खाली ठेवली. “मग सोमवारी? सोमवारी चहा पाजला हुता की तुमी.”

“तोट्यात होतो.”

“मंगळवारी? बिस्किटं?”

“तोट्यात. कोल्हापूरचा फोन आला होता. चेहरा लपवायला खिडकीशी गेलो.”

“त्याच्या आधी? त्या सगळ्या महिन्यांत?”

“दोन-चार दिवस सोडले तर सगळे दिवस तोट्यातच. चूक सांगायची लाज वाटायची, म्हणून चहा पाजायचो.”

पलीकडे बाया ताटं वाजवत होत्या, कुणीतरी जिलेबीची परात उचलून नेली. मालनताई माझ्याकडे बघत नव्हत्याच. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होत्या.

“म्हणजे माझं बरोबर हुतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सोमवारीबी. आणि मंगळवारीबी. वास येत हुता मला.”

“हो, मालनताई. तुमचंच बरोबर होतं. आमच्या सहा जणांत फक्त तुमचं.”

मला वाटलं आता शिव्या देतील. मी तयार होतो. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी तिथे आलो होतो, की त्यांनी पोटभर शिव्या द्याव्यात आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरावा. पण त्यांनी माझं मनगट धरलं. चाळीस पोरांची कणीक मळलेला हात तो, सुटणं शक्य नव्हतं. मला ओढतच त्या पंगतीच्या दालनात घेऊन गेल्या. धोंडिराम दाराशी उभा राहून वाढपी मोजत होता.

“दादा, हे सांगलीचे मास्तर. हे काय सांगत्यात ते ऐक. सांगा, मास्तर.”

मी सांगितलं. पंगतीतली दोन-तीन माणसं माना वर करून बघत होती, त्यातला एक आमच्याच शाळेतला होता. मी सगळं सांगितलं, चहा, बिस्किटं, जिन्यातले फोन, सगळं. धोंडिरामनं माझं बोलणं संपेपर्यंत मान हलवली. त्याचं अर्धं लक्ष वाढप्यांकडे होतं.

“बरं, मग?” तो म्हणाला.

“मी सोमवारीच काढणार हुते, दादा,” मालनताई म्हणाल्या. “मला कळत हुतं.”

“अगं, किती वर्सं झाली त्याला! त्या खोल्या पाडून तिथं बिल्डिंग झाली. आता काय करायचं त्याचं?”

“काय न्हाई. तुला ठाऊक असावं म्हणून.”

“बरं, झालं ठाऊक. आता मठ्ठा धाड बघू, दुसरी पंगत बसली.” आणि तो पुढे जाऊन एका वाढप्यावर ओरडला.

मालनताई तशाच उभ्या राहिल्या. माझं मनगट त्यांनी सोडलं होतं. मग भटारखान्याकडे वळल्या, मीही मागे गेलो. उंबऱ्याशी त्या थांबल्या.

“मालनताई,” मी म्हणालो, “मी तुमचा फार मोठा गुन्हेगार आहे.”

त्यांनी ते ऐकलंच नसावं.

“चौदा वर्सं मी सवताला येडी समजत आले,” त्या म्हणाल्या. “कुणी चार शब्द बोललं की म्हणायची, त्याचंच बरोबर असंल. आता पंचावन्न झाली मला. माझं बरोबर हुतं हे आता घेऊन मी काय करू, मास्तर? सांगा की. काय करू?”

त्या खरोखर विचारत होत्या. टोमणा नव्हता तो. माडीवर पावणेपाचला विचारायच्या तसंच विचारत होत्या, आणि मी काय सांगतो याची वाट बघत होत्या. आतून बाया मठ्ठ्यासाठी हाका मारत होत्या.